कासमभाई, तुमचा जन्म कसा झाला?

कासमभाई,

तुमच्या खुर्चीवर बसायला मला वीस दिवस लागले. खुर्ची डावीकडे कलते. तिच्यावर तुम्ही इतकी वर्षं सरळ कसे बसलात ते तुमचं तुम्हाला ठाऊक. माझी बरी खुर्ची सोडून मी इथे आले, कारण काउंटरच्या काचेतली खिडकी या जागेसमोर आहे आणि लोक सवयीने इथेच येतात. "चाचा कहाँ है?" असं विचारतात. मी सांगते. मग ते पिशवीतून कागद काढतात. कागद समोर आला की काय करायचं ते मला कळतं, त्यामुळे माझं बरं चाललं आहे. रडायचं तेवढं रडून झालं. आता भांडायचं आहे, कारण आपलं भांडण अर्धवट राहिलं आणि अर्धवट काम मला सोसत नाही.

भांडण नऊ वर्षांचं. मी वसईहून आले तेव्हा मला वाटलं होतं की आखातातल्या या अल कुसैसमधलं टायपिंग सेंटर म्हणजे सोपं काम. लोक व्हिसासाठी कागद आणणार, आपण अर्ज टाइप करून देणार, खलास. पहिल्याच दिवशी कुडाळची एक बाई मुलाच्या व्हिसासाठी आली. मी हात पुढे केला, तिने फाइल दिली, आणि तुम्ही शेजारून ती फाइल मिटलीत. पेन खाली ठेवलंत. तिला विचारलंत, "ताई, मुलगा झाला तो दिवस कसा होता?" बाई आधी गोंधळली आणि मग जी सुटली ती पंधरा मिनिटं थांबेना. दवाखान्यातली लाइट गेली, नणंद चुकीच्या गाडीत बसली, पेढे आणले ते आंबट निघाले. मागे सात जण उभे होते. ती गेल्यावर मी म्हटलं, "कासमभाई, हे टायपिंग सेंटर आहे की सूतिकागृह?"

"कागदाला विचारलंस तर कागद एकच सांगतो," तुम्ही म्हणालात. "आईला विचारलंस तर कागद बरोबर आहे का तेपण कळतं."

"आणि मागचे सात जण?"

"त्यांच्यापण आया आहेत."

हे काय उत्तर झालं? मी त्या दिवसापासून टोकनचं मशीन मागत होते. दोन वर्षांनी मिळालं. तुम्ही टोकन घेतलेल्या माणसालासुद्धा तेच विचारत राहिलात. केरळचा बाप असो, मनिलाची आई असो, बाळ कुठे झालं, कोण होतं जवळ, नाव कोणी ठेवलं. लोक हसत सांगायचे, कधी रडायचे. एका बाईने सांगता सांगता स्वतःच ओळखलं की धाकट्याऐवजी थोरल्याचा दाखला आणला आहे. तुम्ही माझ्याकडे बघून भुवया उडवल्यात. मी कीबोर्ड जोरात बडवला.

तुमच्या कागदावर जन्मतारीख होती एक जून. माझ्या वडिलांची एक जून, आपल्या मालकांची एक जून, समोरच्या कॅफेटेरियातल्या दोघांची एक जून. शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली तारीख, आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी दर वर्षी सगळ्यांचा मिळून एक केक आणायची आणि त्याच्यावर "गुरुजींचे आभार" असं लिहून घ्यायची. तुम्ही पहिला तुकडा खायचात आणि म्हणायचात, "ग्रेसी, हा माझा वाढदिवस नाही, पण केक माझा आहे."

एकदा आपण सगळे खोर फक्कानला गेलो होतो, आठवतं? इथे आल्यावर तुमची पहिली नोकरी तिथल्या बंदरात होती, कंटेनर मोजायची, आणि तुम्हाला आम्हाला ती जागा दाखवायची होती. ओहोटी होती. पाणी मागे सरलेलं बघत तुम्ही बराच वेळ उभे राहिलात आणि म्हणालात, "माझ्या जन्माच्या वेळी पण असंच..." आणि मी मागून ओरडले की बिर्याणी गार होतेय, यल्ला, चला लवकर. तुम्ही आलात. बिर्याणी खरंच चांगली होती. पुढचं वाक्य मी कधी विचारलं नाही.

आता मिर्लांदची फाइल.

तुम्ही भाचीच्या लग्नाला रत्नागिरीला गेला होतात. त्या महिन्यात काउंटर माझं होतं आणि मी खूश होते. टोकनं पटापट पुढे सरकत होती. अशात ती आली, उंच, शांत, अल बर्शातल्या एका हॉटेलच्या बेकरीत काम करणारी, हाताला व्हॅनिलाचा वास. देश हैती. हैतीची फाइल आपल्याकडे कधी आली नव्हती. मुलगी दाश्का, अकरा वर्षांची, आईने इथे आणायची. नवरा वारलेला. गावाकडे राहायची सोय उरली नव्हती, म्हणून मुलगी शेजारच्या देशात सांतो दोमिंगोला मावशीकडे होती, आणि त्या दोघींच्या तिथल्या परवान्याचे चार महिने उरले होते. ते संपले की परत पाठवणी, आणि परत म्हणजे जिथे शाळा बंद आणि रस्ते बंदूकवाल्यांच्या ताब्यात. हे सगळं तिने चार वाक्यांत सांगितलं. पाचवं वाक्य मी बोलू दिलं नाही.

कारण जन्मदाखला फ्रेंचमध्ये होता आणि मला फ्रेंच येत होतं. मुंबईत हॉटेलच्या डिप्लोमाला दोन वर्षं शिकलेलं, नंतर कुठेच कामाला न आलेलं. आता संधी आली. ट्रान्सलेशनला पाठवायच्या आधी मीच ऐटीत दाखला उघडला. पहिल्याच ओळीत अक्षरांत वर्ष, महिना, दिवस. पासपोर्ट उघडला. पासपोर्टवरचं वर्ष दोनाने आधीचं. माझ्या डोक्यात लगेच उजेड पडला. एक जून! इथेही कुणीतरी गुरुजी आहेत.

"मॅडम, दाखला आणि पासपोर्ट जुळत नाहीत," मी इंग्रजीत म्हटलं. "दाखला दुरुस्त करून आणा. असा पाठवला तर रिजेक्ट होणार."

"पण तो बरोबर आहे," ती हळू म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात," मी म्हटलं, आणि पुढचं टोकन दाबलं.

कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, तसं आम्हाला जगभर एक जून दिसतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हेही म्हणून घेते, तुम्ही म्हणायच्या आधी.

सात आठवडे ती आली नाही. तुम्ही परत आलात, मला काजू आणि फणसपोळी दिलीत, मी फाइलचं काही बोलले नाही, कारण माझ्या लेखी ती फाइल गिऱ्हाइकाकडे परत गेलेली होती. आणि मग एका मंगळवारी दुपारी ती खिडकीशी उभी राहिली. तिचा मावसभाऊ सरहद्द ओलांडून हैतीत गेला होता. बस, पायी, मोटारसायकल, मिळेल तसं. नोंदींच्या कचेरीत त्यांनी वही उघडून बघितली आणि सांगितलं, यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. त्याने तोच मजकूर नव्या कागदावर उतरवून, सही-शिक्के घेऊन आणला होता. ती म्हणाली, "मॅडम, ते म्हणतात बरोबर आहे. आता मी काय करू?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही फाइल ओढून घेतलीत. तुम्हाला फ्रेंचचं एक अक्षर येत नव्हतं. फाइल मिटलीत, पेन खाली ठेवलंत.

"बेटी, ती झाली तो दिवस कसा होता?"

मिर्लांदने माझ्याकडे बघितलं. परवानगी मागितल्यासारखं बघितलं, कासमभाई, आणि ते मला अजून टोचतं. मग तिने सांगितलं. डोंगरातलं आजीचं घर, तीन दिवसांचं वादळ, खालचा पूल वाहून गेलेला, म्हणून डॉक्टर नाही. आजीनेच सोडवलं. बाप शेजारच्या देशात इमारतींच्या कामावर होता. त्याला निरोप मिळाला, पण परत यायला जमलं ते दोन वर्षांनी. मुलीचं नाव मी स्वतः नोंदवणार, असा त्याने निरोप धाडला होता, म्हणून घरच्यांनी थांबवून ठेवलं. तो आला, मुलगी त्याला बघून आजीच्या मागे लपली, आणि दुसऱ्या दिवशी तिला खांद्यावर बसवून तो गावातल्या कचेरीत गेला.

तुम्ही हसलात. मला वाटलं, मला हसलात. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणालात, "ग्रेसी, पहिली ओळ परत वाच. ती तारीख कोणाची?"

मी वाचली. या सालच्या या महिन्यातल्या या दिवशी, माझ्यासमोर, म्हणजे नोंदणी अधिकाऱ्यासमोर, अमुक गृहस्थ हजर झाले. तारीख बाप कचेरीत उभा राहिला त्या दिवसाची होती. मुलीचा जन्म सहाव्या ओळीत होता, अक्षरांत, स्वच्छ, पासपोर्टशी तंतोतंत जुळणारा. आपल्या दाखल्यावर जन्मतारीख चौकटीत वरच असते, म्हणून मी वरचीच उचलली होती. सहाव्या ओळीपर्यंत मी गेलेच नव्हते.

"शितावरून भाताची परीक्षा," तुम्ही म्हणालात. "भाताला चालते ती."

तक्रार गेली असती तर मालकांनी मला काढलं असतं, आणि माझा इथला व्हिसा त्या नोकरीवर होता. मी काउंटरखालून तुमची बाही ओढली आणि पुटपुटले, "तिला म्हणू, दाखल्याचा फॉर्मच तसा आहे. नवा कागद आणलाय, आता होईल. उगाच कशाला?"

तुम्ही बाही सोडवून घेतलीत. "चूक आमच्या ऑफिसची आहे," तिला म्हणालात. मग मला, "पुढचं तू सांग. तुझ्या तोंडाने."

मी सांगितलं. इंग्रजीत, फ्रेंचमध्ये, जमेल तसं. मॅडम, मी नीट वाचलं नाही, तुम्ही सांगत होतात ते ऐकलं नाही, तुमचे सात आठवडे माझ्यामुळे गेले. मिर्लांद ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "म्हणजे कागद आधीपासून बरोबर होता?" मी हो म्हटलं. तिने दोन्ही हात काउंटरवर ठेवले आणि विचारलं, "आता दिवस किती आहेत?"

अडुसष्ट होते.

त्यानंतरचे पाच आठवडे तुम्ही जे धावलात ते मी बघितलं आहे. हैतीच्या एका कागदाला तीन ठिकाणचे शिक्के लागतात, मधलं एक तिसऱ्याच देशात. तुम्ही फोनवर कुणाला अस्सलाम आलेकुम, कुणाला हबीबी, कुणाला माय डियर म्हणत ती साखळी जुळवलीत. मावसभावाने आणलेल्या नव्या कागदावर पहिला शिक्का आधीच होता, त्यामुळे त्यातले काही दिवस वाचले. मी एकदा धीर करून म्हटलं, "म्हणजे त्याची फेरी अगदीच वाया गेली नाही."

"ते तिचं नशीब," तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात. "तुझी हुशारी नाही. मिक्स करू नकोस."

कासमभाई, तुम्ही माझ्यावर आवाज चढवला नाहीत. मालकांना सांगितलं नाहीत. पण मला एवढ्याशा आधाराला टेकूही दिलं नाहीत. तेव्हा राग आला होता. आज त्याच्याबद्दल तुमचे आभार मानते, कारण टेकले असते तर मी पुढच्या महिन्यात तेच केलं असतं.

तरी भांडण मी सोडलं नव्हतं. अर्ज पाठवला त्या संध्याकाळी मी तुम्हाला म्हटलं की चूक मान्य, पण प्रत्येकाची गोष्ट ऐकायची तर दिवसाला बारा फाइली होतील. मी एक यादी करते, दहा प्रश्नांची, छापील, त्यात जन्माची नोंद कधी केली हाही प्रश्न घालते. तुम्ही म्हणालात, "यादी कर. चांगली कर. पण यादीत अकरावा प्रश्न कोण घालणार?" मी म्हटलं, "उद्या सांगते." उत्तर माझ्याकडे होतं, खोटं नाही सांगत. चांगलं उत्तर होतं.

उद्या तुम्ही आला नाहीत. सकाळचा चहा घेऊन खोलीत बसलात आणि बसल्या जागी गेलात.

तुमचा मुलगा गावाहून निघेपर्यंत तुमच्या मृत्यूचे कागद करायचे होते. ते मीच केले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. नाव, पासपोर्ट नंबर, पत्ता. जन्मतारखेच्या चौकटीत एक जून टाइप केली. नऊ वर्षांत जाणूनबुजून चुकीची तारीख मी पहिल्यांदाच टाइप केली, आणि बोट तिथेच थांबलं. कारण बरोबर तारीख मला माहीत नव्हती. नऊ वर्षं मी तुम्हाला लोकांना विचारताना ऐकलं. त्या तारखेवरून तुम्हाला चिडवलं, केक आणले. पण तुम्हाला कधी उलटून विचारलं नाही. मीच नाही, कुणीच नाही. मी तिथेच रडले, मालकांच्या देखत, आणि त्यांनी पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

दफन इथेच, अल कुसैसच्या कब्रस्तानात झालं. आठवड्याने मी तुमच्या गावी फोन केला. भाभींशी बोलले. त्यांनी फोन फातिमाआपांना दिला, तुमच्या थोरल्या बहिणीला.

"तू वसईची," आपा म्हणाल्या. "कासम सांगायचा. भांडते, पण काम चोख."

मी विचारलं, "आपा, कासमभाई झाले तो दिवस कसा होता?"

त्या हसल्या. "सत्तर वर्षांत मला कोणी विचारलं नाही ग हे."

त्या तेव्हा सात वर्षांच्या होत्या. सुईण खाडीपलीकडे, जैतूनबी. तिला आणायला त्यांनाच पिटाळलं होतं. नेमकी ओहोटी लागलेली, पाणी आटलेलं, होडी चिखलात रुतलेली. जैतूनबीने चपला काढून डोक्यावर ठेवल्या, लुगडं खोचलं आणि गुडघाभर चिखलातून चालत आली, मागून आपा. दारात पाय धुवायला बसली तेवढ्यात आतून हाक आली, म्हणून चिखलाच्या पायांनीच आत गेली. शुक्रवार होता. काजू संपत आले होते आणि फणस अजून पिकायचे होते. "एप्रिल धर," आपा म्हणाल्या. अब्बा जहाजावर होते, ते आले दोन वर्षांनी. "कासम त्यांना बघून अम्मीच्या मागे लपला. बाहेरच येईना."

मी फोन ठेवला आणि मग मला तुमचं ते हसू कळलं. तुम्ही मला हसला नव्हतात.

दाश्काचं एन्ट्री परमिट तुम्ही गेल्यावर नवव्या दिवशी आलं. तिकडचा परवाना संपायला अकरा दिवस असताना ती विमानात बसली. मिर्लांद एकटीच घ्यायला गेली, मी मुद्दाम गेले नाही. मावशीचं अजून व्हायचं आहे, तिचा अर्ज दुसऱ्या देशात चालू आहे, त्याचे कागद मी बघते आहे. सहाव्या ओळीपर्यंत बघते.

आज सकाळी दोघी आयडीच्या अर्जासाठी आल्या. मुलगी उंच होणार, आईसारखी. वेण्यांना पिवळे मणी. माझ्या डिप्लोमाच्या फ्रेंचला ती उघडपणे हसली. मी फॉर्म पुढे ओढला तर ती माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागली.

"ते आजोबा कुठे आहेत?" तिने विचारलं. "मम्मा म्हणाली, इथे एक आजोबा असतात, ते विचारतात. मी विमानात सगळं पाठ केलंय. वादळ, पूल, सगळं."

मिर्लांदने मान खाली घातली. तुम्ही गेल्याचं तिने मुलीला सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. दाश्का थोडा वेळ मण्यांशी चाळा करत राहिली.

"मग मी कोणाला सांगू?"

"मला," मी म्हटलं.

तिने सांगितलं. वादळ आईच्या गोष्टीपेक्षा दोन दिवसांनी वाढलं होतं, आणि पुलाबरोबर एक बकरीही वाहून गेली होती. मी एकही शब्द टाइप केला नाही. ती 'बाप आला आणि मी लपले' इथपर्यंत आली, थांबली, आणि काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून तिने मला विचारलं, "आणि आजोबा झाले तो दिवस कसा होता?"

मशीनने पुढचं टोकन पुकारलं. नऊ माणसं होती, मी मोजली. मी फाइल मिटली, पेन खाली ठेवलं, आणि चपला डोक्यावर घेऊन चिखलातून निघालेल्या जैतूनबीपासून तिला सांगायला लागले.